दहाव्या पावलापर्यंत

मी शिट्टी बोलते आहे. तशी मला स्वतःची वाचा नाही. कोणी ओठांत धरून फुंकलं तरच माझ्या तोंडून आवाज निघतो, आणि तोही एकच, कर्कश. लहान मुलं कानांवर हात ठेवतात, झोपलेली कुत्री उठून उभी राहतात. पण इतकी वर्षं माणसांच्या फुंका पोटात घेतल्यावर मलाही चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. त्या ऐकायला गोड नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

माझं अंग पितळेचं आणि पोटात वाटाण्याएवढी एक गोळी. ती नाचली की मी वाजते. एका बोळकांडीतल्या कारखान्यात माझा जन्म झाला. आम्ही शंभरेक बहिणी एका खोक्यात भुश्यात पडलो होतो. त्यातली एक शाळेत खेळाच्या मास्तरांकडे गेली, एक चौकातल्या पोलिसाकडे. दोघींचं नशीब बरं होतं म्हणायचं, कारण त्या वाजल्या नसत्या तर फार तर एखादी मॅच बिघडली असती किंवा दोन गाड्या एकमेकींना घासल्या असत्या. माझ्या वाट्याला दगडाची खाण आली.

खाण म्हणजे जमिनीला पाडलेला एक भला मोठा खड्डा. वरून खाली उतरायला एकच चढण, वळत वळत गेलेली. तळाशी ड्रिलने खडकाला भोकं पाडायची, त्यात दारू भरायची आणि दुपारी बारा वाजता, सगळे वर आले की सुरुंग उडवायचा. मग दिवसभर ते दगड फोडायचे, भरायचे, पाठवायचे. माणसं दगड खायची आणि दगड माणसांना, असं तिथलं एकूण चालायचं. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या, विशीतल्या माणसाच्याही.

मला विकत घेतलं ते तिथल्या मुकादमाने. खाणीवर सगळे त्याला दादा म्हणायचे. बोलायला तुटक, अंगाने सडपातळ आणि छाती मात्र भात्यासारखी. पहिल्यांदा त्याने मला फुंकलं तेव्हा माझ्या पोटातली गोळी कपाळमोक्ष झाल्यासारखी आपटली. दुकानदार म्हणाला, "अहो हळू, दुकान आहे हे." दादा म्हणाला, "मला खड्ड्याच्या तळापर्यंत ऐकू जायला हवं. घेतली."

तेव्हापासून मी त्याच्या गळ्यात होते. काळ्या दोरीत ओवलेली, सदऱ्याच्या आत, छातीच्या हाडावर. त्यामुळे माणूस बाहेरून दिसतो कसा, हे मला फारसं कळत नाही. आतून वाजतो कसा, ते मात्र मी बरोबर सांगू शकते.

खाणीवर साहेबांची एक खोली होती. तिच्यात साहेबांच्या खुर्चीमागे काचेची एक तसबीर टांगलेली होती. 'प्रभावी नेत्याचे दहा गुण.' निळ्या अक्षरांत छापलेली, वर उगवता सूर्य. धैर्य, दूरदृष्टी, आत्मविश्वास, निर्णयक्षमता, वक्तृत्व, असं बरंच काही. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की नेता सदैव सर्वांच्या पुढे असतो. दादाला वाचता जेमतेम यायचं. ती तसबीर त्याने कधी धड पाहिलीही नसेल, कारण त्या खोलीत उभं राहिलं की तो आपल्या बुटांकडे बघायचा.

त्याची पद्धत अगदी उलटी होती. दुपारी मी तीनदा वाजायचे. पहिली शिट्टी म्हणजे हत्यारं खाली ठेवा आणि वर चला. दुसरी म्हणजे सगळे दगडी भिंतीच्या आडोशाला. तिसरी झाली की सुरुंगवाला बटण दाबणार. आणि दुसरी ते तिसरी यांच्या मधे दादा एकटा खाली उतरायचा. सगळी माणसं वर आणि हा खाली, भरलेल्या सुरुंगांच्या मधून. तळाच्या तिन्ही कोपऱ्यांत जाऊन, वाकून, हाताने चाचपून बघायचा. मग वर येऊन आडोशातल्या एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजायचा. एकेचाळीस झाले की शेवटी स्वतःच्या छातीवर थाप मारायचा, म्हणजे माझ्यावरच, आणि म्हणायचा, "आणि हा मी." त्यानंतरच तिसरी.

माणसं कंटाळायची. भुकेची वेळ, घाम निथळतोय आणि हा बाबा खांदे मोजतोय. "दादा, आम्ही काय मेंढरं आहोत का?" असं घणवाला म्हणायचा. घणवाल्याचा आवाज असा की तो कुजबुजला तरी पलीकडच्या डोंगरावर कळावं. दादा त्याच्या खांद्यावर जरा जोरात थाप मारून म्हणायचा, "मेंढरू असतास तर एकदाच मोजला असता. तू माणूस आहेस, कुठे जाशील नेम नाही." सगळे हसायचे आणि मोजणी चालू राहायची.

एकवीस वर्षं असं चाललं. या एकवीस वर्षांत खाणीत हातपाय मोडले, बोटं गेली, डोळ्यांत कपच्या गेल्या. पण सुरुंगात माणूस गेला नाही. त्याचं श्रेय साहेब स्वतः घ्यायचे आणि दादा ते घेऊ द्यायचा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगते आहे, त्याच्याकडे येते. खाणीवर एक ड्रिलवाला होता. वीस वर्षं हातात ड्रिल धरून त्याचे कान जवळपास गेले होते, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणायचे. हाक मारली की हा हसायचा, कारण काय म्हटलं ते कळलेलं नसायचं आणि हसणं हे कुठल्याही प्रश्नाला चालून जातं. त्याची बायको त्याच खाणीवर पाणी वाटायची. दोन डबे गाडीवर घालून ती तळापर्यंत उतरायची आणि प्रत्येकाला पेला भरून द्यायची. कोण कुठल्या कोपऱ्यात आहे, कोणाला ताप आहे, कोण घरी भांडून आलंय, सगळं तिला ठाऊक. माणसं तिला वहिनी म्हणायची.

एकदा ती नवऱ्याला ओरडून सांगत होती, "अहो, शिट्टी ऐकू येत नाही तुम्हाला. वरच्या कामाला का नाही जात?" तो म्हणाला, "मला ऐकू नाही आलं तरी काय झालं? दादा स्वतः येतात ना बोलवायला." मी तेव्हा तिथेच होते, दादाच्या छातीवर. दादाला ते ऐकून बरं वाटलं. त्याचा श्वास जरा सैल झाला, ते मला कळलं.

श्वासाचंच सांगायचं तर त्याच सुमाराला तो बिघडायला लागला होता. दगडाची धूळ छातीत बसते आणि बसली की उठत नाही. आधी सकाळचा खोकला. मग चढण चढताना मधे एकदा थांबणं. थांबल्यावर तो बुटाची नाडी बांधायचा, म्हणजे कोणाला वाटावं की नाडी सुटली होती. वर्षभरात त्याच्या बुटांच्या नाड्या इतक्या वेळा बांधल्या गेल्या की मलाच त्याची लाज वाटायला लागली. माझ्यात येणारी फुंक रोज थोडी कमी होत होती. पूर्वी गोळी नाचायची, आता ती कशीबशी कूस बदलायची.

हे सगळ्यात आधी वहिनीच्या लक्षात आलं. एके दिवशी ती पेला पुढे करत म्हणाली, "दादा, एक बोलू? शिट्टी आता कोणालातरी द्या. निदान खाली उतरायचं काम तरी द्या. तुमचा दम पुरत नाही."

दादाने पाणी पिऊन पेला परत दिला. "पोरी, तू पाणी बघ. शिट्टीचं मी बघतो."

"मी वाईटासाठी नाही सांगत."

"एकवीस वर्षं बघतोय. मी आहे तोवर ही माझ्याच गळ्यात राहील."

तिने मान डोलावली आणि गाडी ढकलत निघून गेली. दादाने सदऱ्यावरून मला घट्ट धरलं होतं. मला तेव्हा राग आला नाही, उलट अभिमान वाटला. माझ्यावर कोणाचा इतका जीव आहे, याचं कोणाला वाईट वाटेल? आज मात्र वाटतं, त्या क्षणी दोरी तुटून मी पाण्याच्या डब्यात पडले असते तर बरं झालं असतं. दादामध्ये सगळं होतं. तो शेवटी खाणीबाहेर पडायचा, सगळ्यांच्या आधी यायचा, कोणाला उगाच बोलायचा नाही. फक्त आपल्याशिवाय हे काम दुसरं कोणी करू शकेल, हे त्याला पटत नव्हतं. एकवीस वर्षांत त्याने एकालाही मोजायला शिकवलं नव्हतं.

पहिल्यांदा जे झालं ते खरंच खोकल्यामुळे झालं. दुसरी शिट्टी वाजवून तो चढणीवर दहा पावलं उतरला आणि त्याला अशी उबळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली गेलो तर वर येणं होणार नाही, हे त्याला कळलं. तो तिथेच वळला आणि आडोशाकडे तोंड करून ओरडला, "सगळे आले का रे?"

"आले!" घणवाला म्हणाला. त्याच्यामागून इतर दहाबारा जण म्हणाले, "आले, आले!"

दादाने तिसरी वाजवली. सुरुंग उडाला. कोणाला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी उबळ आली नव्हती, तरी तो दहाव्या पावलावर थांबला. तिसऱ्या दिवशी त्याने खांदेही मोजले नाहीत. मोजायला लागलं की दमाने आवाज फाटायचा आणि तो माणसांना ऐकू गेला असता. आठवड्याभरात माणसांना नवी पद्धत आवडलीसुद्धा. जेवायला पाच मिनिटं लवकर मिळायला लागली. 'सगळे आले का' असं विचारलं की प्रत्येकजण स्वतःपुरतं बघतो. आपण आलो आहोत, मग सगळे आलेच असतील. मी माणसांच्या गर्दीत आयुष्य काढलं आहे, आणि त्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलेलं मी एकदाही ऐकलेलं नाही.

वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. त्या दिवसांत वरचा पंप बिघडला होता आणि बाराच्या सुमाराला तिला पलीकडच्या टाकीवरून डबे भरून आणावे लागत होते.

असे तीन आठवडे गेले.

त्या दिवशी पहिली शिट्टी झाली तेव्हा कानसेन सगळ्यांबरोबर निघाला होता. अर्ध्या चढणीवर त्याच्या लक्षात आलं की ड्रिलची नवी दांडी खालीच राहिली. आदल्याच आठवड्यात एक दांडी सुरुंगाखाली सापडून वाकली म्हणून साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. तो माघारी फिरला. ती पडली होती सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, पुढे आलेल्या खडकाच्या पोटाखाली. मागून येणाऱ्याला त्याने खुणेने सांगितलं, चल तू, आलोच. त्या माणसाने ते पाहिलं आणि आडोशाला पोचेपर्यंत विसरला.

दुसरी शिट्टी मी वाजले, पण काय वाजले ते माझं मला ठाऊक. शिट्टी कसली, सुस्कारा होता तो. कानसेनला तो ऐकू जाणं शक्यच नव्हतं. आणि त्याला घाई नव्हती, कारण दादा येणार होता. मोजणी थांबली हे त्याने पाहिलं होतं, पण आडोशाच्या भिंतीमागून दहावं पाऊल दिसत नाही आणि ती हाक त्याला कधी ऐकू गेलीच नव्हती.

दादा दहा पावलं उतरला आणि थांबला. "सगळे आले का रे?"

"आले!"

मग तिसरी. ती मात्र खणखणीत वाजली. कधी कधी होतं तसं, खोकून छाती मोकळी झालेली आणि सगळा दम एकदम आत आलेला. मी जुन्या दिवसांसारखी वाजले. मी वाजले, हे मला सांगायलाच हवं. ती शिट्टी त्याने ऐकली असावी. कारण तो सापडला तो खडकाखाली नाही. खडकापासून वीस-एक हात पुढे, चढणीच्या दिशेने तोंड करून, हातात दांडी.

धूळ खाली बसत असताना वहिनी डबे घेऊन आली. पेले काढून ती एकेकाला पाणी द्यायला लागली. सवयीने तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "हे कुठे आहेत?" माणसं आपापल्या आजूबाजूला बघायला लागली. तिने परत विचारलं नाही. पेला खाली ठेवून ती चढणीकडे चालू लागली. पहिल्यांदा चालत आणि मग पळत.

चौकशी आठ दिवसांनी झाली. आदल्या दिवशी साहेबांनी दादाला खोलीत बोलावलं. मागे ती तसबीर होतीच. साहेब म्हणाले, "हे बघ, तू एकवीस वर्षं खाण सांभाळलीस. एका माणसाच्या चुकीपायी सगळ्याचा चुथडा व्हायला नको. तो जेवणाआधी सावलीत आडवा झाला, डोळा लागला, शिट्ट्या ऐकल्या नाहीत. असं होतं माणसाचं. तू तीन शिट्ट्या दिल्यास की नाही?"

"दिल्या."

"खाली उतरला होतास की नाही?"

दादा बुटांकडे बघत राहिला. साहेबांनी तेच उत्तर समजून घेतलं.

बाहेर माणसं थांबली होती. घणवाला पुढे आला आणि आवाज शक्य तितका बारीक करून म्हणाला, "दादा, तुम्ही काळजी करू नका. तुम्ही खाली जाऊन तिन्ही कोपरे बघून आलात, हे आम्ही सगळे सांगणार. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. तुमच्यावर आम्ही काही येऊ देणार नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते प्रेम खोटं नव्हतं, आणि त्याच प्रेमापायी ती माणसं मेलेल्या सोबत्याला खोटं पाडायला निघाली होती. दादाने त्या वेळी एक शब्द उच्चारला असता तर ती थांबली असती. त्याच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. तो बोलला नाही.

चौकशीला अधिकारी आले, टेबल मांडलं, पाणी मागवलं. त्या दिवशीही पाणी वहिनीनेच आणून ठेवलं आणि ती दाराशी उभी राहिली. माणसं एकामागून एक आत आली आणि पढवल्यासारखं सांगून गेली. कानसेन झोपाळू होता म्हणे. कानसेन ऐकायचा नाही म्हणे, जणू ते त्याच्या मनावर होतं. शेवटी दादाला विचारलं, "दुसऱ्या शिट्टीनंतर तुम्ही खाली उतरला होतात?"

माझ्याखाली त्याचं काळीज घणासारखं पडत होतं.

"उतरलो होतो," दादा म्हणाला.

"कुठपर्यंत?" दारातून आवाज आला.

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "बाई, तुम्ही मधे बोलू नका."

"एवढंच विचारते साहेब, कुठपर्यंत? झोपलेला माणूस हातात दांडी घेऊन पळत येतो का?"

"यांना जरा बाहेर बसवा," बाजूला बसलेले खाणीचे साहेब म्हणाले. कोणीतरी तिला बाहेर नेलं. लिहिणाऱ्याने लिहिलं. दादाने सही केली. सही करताना त्याने श्वास रोखून धरला होता, आणि तो सोडला तो पार घरी गेल्यावर.

त्यानंतर दादा कामावर गेला नाही. घरी भिंतीला टेकून बसायचा. बायको म्हणायची, "डॉक्टरकडे चला." तो नको म्हणायचा. मी खुंटीवर होते. बारा वाजले की तो माझ्याकडे बघायचा आणि ओठ हलायचे. मला आधी वाटलं देवाचं नाव घेतोय. मग कळलं, तो तोच एक शब्द म्हणत होता, कुठपर्यंत.

दहाव्या दिवशी त्याने मला गळ्यात घातलं आणि तो अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेला. दोन तास बाकावर बसल्यावर एका कारकुनाने विचारलं, काय काम आहे. दादा म्हणाला, "माझी जबानी खोटी आहे. बदलायची आहे." कारकुनाने कपाट उघडलं, बंद केलं. "ते प्रकरण मिटलं. कागद वर गेले. तुमची तब्येत बरी दिसत नाही काका, घरी जा." कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने दादाला रस्ता ओलांडून दिला.

दादा घरी गेला नाही. तो खाणीवर गेला. बाराला थोडा अवकाश होता. पहिली शिट्टी त्यानेच दिली, होती नव्हती ती ताकद लावून. माणसं चमकून वर आली. दादा आलेला बघून घणवाला हसत पुढे झाला, पण दादाने हात केला आणि तो जागीच थांबला.

"आज सुरुंग थांबवा," दादा म्हणाला. "आधी एक बघून घ्या सगळ्यांनी."

वहिनी पाण्याच्या गाडीजवळ होती. दादाने तिच्याकडे पाहिलं आणि चढण उतरायला लागला. पावलं मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन. सगळी खाण ऐकत होती. नऊ. दहा. तिथे तो थांबला आणि बुटाच्या टाचेने धुळीत एक रेघ ओढली.

"पोरी," तो म्हणाला, "इथपर्यंत."



"रोज इथपर्यंतच. तीन आठवडे. तो झोपला नव्हता. तो माझी वाट बघत होता." मग माणसांकडे वळून म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. मी बोलू दिलं. तुमच्यावर ते राहू नये म्हणून सांगतोय. तुमचा मुकादम दहा पावलांच्या पुढे गेला नव्हता."

एवढं बोलून त्याला जी उबळ आली ती थांबेना. तो रेघेवरच बसला. वर चाळीस माणसं होती, पण एकाचाही पाय उचलला नाही. त्याच्याकडे बघायलाच त्यांना नको झालं होतं. शेवटी वहिनी खाली आली. तिने पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला. दादाला पेला धरवेना, तेव्हा तिनेच तो त्याच्या ओठांना लावला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने मला गळ्यातून काढलं आणि तिच्यापुढे केलं. तिने बराच वेळ घेतलं नाही. मी त्या दोघांच्या मधे लोंबकळत राहिले.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"नको करूस. फक्त मोज."

मग तिने मला घेतलं.

दादा त्यानंतर अडीच महिने जगला. कागद काही बदलले नाहीत. कागदावर कानसेन अजूनही सावलीत झोपलेलाच आहे. साहेबांनी दुसरीकडून नवा मुकादम आणला, पण दुसऱ्या दिवशी कोणी खाली उतरेना. वहिनी मोजणार असेल तर जातो, म्हणाले. नव्या मुकादमाला काय, एक काम कमी झालं. साहेब आधी तणतणले, मग दगड पाठवायला उशीर होतोय म्हटल्यावर गप्प बसले. कानसेनच्या जागी नवा ड्रिलवाला आला.

दोन वर्षं मी वहिनीच्या गळ्यात होते. ती रोज तळापर्यंत उतरायची, तिन्ही कोपरे बघायची, त्या खडकाखाली जरा जास्त वेळ थांबायची. वर येऊन खांदे मोजायची, एकेकाचं नाव घेऊन. भाषण तिने कधी केलं नाही. तिला घाबरत मात्र सगळे, आणि तिच्यासमोर कोणी 'आले' असं म्हणायची छाती करत नसे.

गेल्या आठवड्यात सोमवारी तिने दुसरी शिट्टी दिली आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या फुंकेच्या शेवटी एक बारीक खरखर होती. ती मी ओळखते. जुनी ओळख आहे. मला वाटलं, आता हिच्याही बुटांच्या नाड्या सुटायला लागणार.

तिलाही ते ऐकू आलं होतं. ती खाली उतरली, कोपरे पाहिले, मोजणी केली, तिसरी दिली. जेवणं झाल्यावर तिने घणवाल्याला बाजूला बोलावलं आणि दोरी गळ्यातून काढली.

"उद्यापासून हे तुझ्याकडे. मी आठ दिवस बरोबर उतरते, मग तुझं तू."

घणवाला दोन पावलं मागे सरला. "वहिनी, दुसऱ्या कोणालाही द्या. माझं नको. त्या दिवशी मी..."

"माहीत आहे. मी टाकीवर होते. तिथपर्यंत ऐकू आलं होतं मला, 'आले' म्हणून."

घणवाल्याचा चेहरा राखेसारखा झाला. दोन वर्षं त्याला वाटत होतं, तिला ते ठाऊक नाही.

"तो आवाज तळापर्यंत पोचतो," ती म्हणाली. "तो नावं घ्यायला वापर. सगळे म्हणायचं नाही. एकेकाचं नाव. आणि तुझा दम कमी पडायला लागला की मला सांगायला येऊ नकोस. कोणाला शिकवलंयस ते दाखवायला ये."

तिने स्वतःच्या हाताने मला त्याच्या गळ्यात घातलं. तो मोठा माणूस मान खाली घालून रडत होता आणि आवाज मात्र अजिबात येत नव्हता.

काल तिचे आठ दिवस संपले. आज ती वर आडोशाला उभी आहे, मोजून घ्यायला, इतरांसारखीच. साहेबांच्या खोलीत ती तसबीर अजून आहे, काच तडकली आहे एवढंच. तुमच्यापैकी कोणाच्या गळ्यात कधी माझी एखादी बहीण आली, तर तिला छातीशी घट्ट धरून बसू नका. मला एवढंच सांगायचं होतं.

आता बोलणं आवरते. बारा वाजत आले. दुसरी होऊन गेली, तळापर्यंत ऐकू गेली. घणवाला उतरतो आहे. त्याचं काळीज माझ्याखाली धडधडतं आहे आणि मी पावलं मोजते आहे. आठ. नऊ. दहा.

थांबला.

अकरा.